विश्लेषण : गिरणी मुंबईत, आठवण दाभोळात! वस्त्रोद्योग संग्रहालयात कोकणाची पत्र्याची पेटी पोहोचणार का?

दाभोळ : वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या मुखावरचे दाभोळ बंदर आज पर्यटकांना माहीत आहे ते फेरीबोटीमुळे. दापोली तालुक्यातल्या या काठावरून गाडी बोटीत चढवायची आणि गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याला उतरायचे. पण दोन पिढ्यांपूर्वी याच बंदरातून सुटणारा प्रवास वेगळा होता. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर वळकटी आणि खिशात गाववाल्याच्या खोलीचा पत्ता घेऊन तरुण मुले मुंबईच्या बोटीची वाट पाहत थांबायची. त्यातली बरीचशी गिरणीत लागली.

त्या गिरण्यांपैकी एका जुन्या गिरणीच्या आवारात मुंबई महापालिकेचा वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प आहे. इमारत, तळे, चिमणी आणि यंत्रे यांच्याविषयी बरेच बोलले गेले. मात्र गिरणीच्या वारशाचा एक मोठा भाग मुंबईत नाहीच. तो दाभोळ, दापोली, गुहागर, खेड, चिपळूण अशा भागांतल्या घरांच्या माळ्यावर पडून आहे आणि तो सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे संग्रहालय काय आहे, त्याचा कोकणाशी संबंध काय आणि घरातल्या जुन्या कागदांना आज महत्त्व का आले आहे, हे समजून घेऊ.

संग्रहालय नेमके कुठे आहे?

काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात हा प्रकल्प आहे. या समूहातल्या गिरण्या मुळात ससून घराण्याच्या. १९४० च्या दशकात त्यांची मालकी बदलली आणि ‘इंडिया युनायटेड मिल्स’ हे नाव आले. दादरची ‘इंदू मिल’ अनेकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकामुळे माहीत आहे. ती याच समूहातली सहाव्या क्रमांकाची गिरणी.

पुढे या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेल्या. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ चा. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त रिकाम्या जमिनीची होईल, असे ठरले. त्यामुळे सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन खूपच कमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरोधात निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर असल्याचे सांगितले जाते. त्यातल्या बहुतेक जागेवर आज मॉल, कार्यालये आणि टॉवर आहेत. काळाचौकीची जागा महापालिकेच्या हाती आली आणि तिथे संग्रहालय करायचे ठरले. या पार्श्वभूमीवर ती किती मोलाची आहे, हे लक्षात येते. मात्र घोषणेपासून बरीच वर्षे गेली आणि कामाच्या अनेक मुदतीही हुकल्या.

जुन्या गिरणीतच संग्रहालय कशासाठी?

वस्तू काचेच्या कपाटात कुठेही ठेवता येतात. पण गिरणीची इमारत हीच एक यंत्रणा असते. तिचा प्रत्येक भाग कशासाठी तरी बांधलेला असतो.

▪ करवती छप्पर : विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे दिसते. दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेकडे. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो. तुटलेला धागा दिसायला असाच उजेड लागतो.

▪ तळे : वाफेच्या इंजिनातून बाहेर पडणारी वाफ पुन्हा थंड करून तिचे पाणी करावे लागे. त्यासाठी थंड पाण्याचा मोठा साठा हाताशी हवा. म्हणून जुन्या गिरण्यांच्या आवारात तळे असे. काळाचौकीच्या आवारातही तळे आहे. ते शोभेसाठी केलेले नाही, गिरणीच्या इंजिनाशी त्याचे नाते आहे.

▪ चिमणी : बॉयलरखाली कोळसा जळण्यासाठी हवेचा ओढ लागतो. चिमणी जितकी उंच तितका ओढ चांगला. धूर वर सोडणे हे तिचे दुसरे काम.

▪ दमट हवा : सुती धागा कोरड्या हवेत पटकन तुटतो. मुंबईची दमट हवा म्हणूनच गिरण्यांना मानवली. तरीही खात्यात पाण्याचे तुषार सोडून आणखी दमटपणा राखला जाई. तीच हवा आणि तोच कापसाचा कण कामगाराच्या छातीत जात असे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला ‘बिसिनोसिस’ म्हणतात.

ही यंत्रणा जागेवरच पाहिली तर समजते. एनटीसीच्या आणि खासगी गिरण्या बंद झाल्यावर बरीचशी यंत्रे भंगारात गेली. म्हणूनच उरलेल्या भिंती, छप्पर आणि तळे यांचे मोल वाढले आहे. औद्योगिक वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये रशियातील निझनी तागिल येथे एक सनद स्वीकारली. इमारती आणि यंत्रांसोबत कामगारांची वस्ती, त्यांचे कौशल्य आणि त्यांच्या आठवणी हाही औद्योगिक वारसाच आहे, अशी तिची भूमिका आहे. इथेच दाभोळचा संबंध येतो.

दाभोळचा गिरण्यांशी काय संबंध?

दाभोळ हे मुळात मोठे बंदर. बहमनी आणि आदिलशाही काळात येथून घोडे, कापड आणि मसाल्यांचा व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. पुढे व्यापार आटला, पण बंदर राहिले. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कोकण किनारा यांच्यात आगबोटी सुरू झाल्या. दाभोळ हा त्या मार्गावरचा थांबा होता. चिपळूणकडे जाणारे प्रवासी येथून छोट्या बोटीने वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत जात.

मोठी बोट खोल पाण्यात उभी राही. प्रवासी पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात किनाऱ्याची ही वाहतूक बंद असे. गणपती, शिमगा आणि पेरणी यांच्याप्रमाणेच बोट कधी सुरू होणार यावरही गिरणी कामगाराची रजा ठरे.

मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघू लागले. त्यानंतरच्या काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांना माणसे पुरवली ती मुख्यतः कोकण आणि घाटावरच्या जिल्ह्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांमध्ये सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा होता. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.

कारण साधे होते. डोंगरउताराची थोडी जमीन, एका पावसावरचे भात आणि वाढते कुटुंब. शिवाय खोती पद्धतीत कुळाच्या हाती फारसे उरत नसे. एक भाऊ शेती बघे, दुसरा गिरणीत जाई. महिन्याला मनीऑर्डर येई. कोकणाच्या या व्यवहाराला अभ्यासकांनी ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ असे नावच दिले.

मुंबईत पोहोचलेला तरुण थेट गाववाल्यांच्या खोलीवर जाई. एका खोलीत वीस-पंचवीस जण राहत. सगळे एका वेळी झोपत नसत, कारण पाळ्या वेगवेगळ्या असत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बाया गिरणी कामगारांच्याच घरातल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खाणावळवाल्या महिलांसाठी.

गणपतीत गावी जाता आले नाही तर चाळीच्या चौकात जाखडी नाचली जाई, नमन होई. परळचे दामोदर नाट्यगृह हे कामगार रंगभूमीचे हक्काचे ठिकाण होते. म्हणजे दाभोळ-गुहागरकडची लोककला मुंबईत टिकली ती गिरणगावात.

गिरणीत कोणते काम कोणाला?

बाहेरून गिरणी एक दिसते, आत अनेक खाती असतात. कापसाच्या गाठी फोडून साफ करायचे ते ब्लो रूम. तंतू विंचरून त्यांचा पेळू करायचे ते कार्डिंग. सूत कातायचे ते रिंग खाते. सूत कांडीवर भरायचे ते वाइंडिंग. ताण्याच्या सुताला खळ लावायची ते सायझिंग. आणि कापड विणायचे ते विणाई खाते. इथल्या मागाला ‘साचा’ म्हणत आणि तो चालवणाऱ्याला ‘साचेवाला’. कामावर घेणारा, काढणारा आणि बदलीवाल्यांना दिवस देणारा तो जॉबर. कामगाराची ओळख त्याच्या तिकीट नंबरावरून असे. कायम नोकरी नसलेला ‘बदली कामगार’ रोज सकाळी दारात उभा राही. कोणी गैरहजर असेल तर आत, नाही तर घरी.

या खात्यांच्या मागे जातीची भिंतही होती. चांगला पगार असलेल्या विणाई खात्यात दलित कामगारांना घेत नसत. धोट्यात नवे सूत भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे ‘विटाळ’ होतो असे कारण सवर्ण कामगार देत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलेच, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये. पुढे त्यांचे प्रमाण घटत गेले.

दर रविवारी सुट्टी मिळते हेसुद्धा गिरणी कामगारांच्या लढ्याचे फळ आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठपुराव्यामुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. संग्रहालयात नुसता साचा ठेवला तर यातले काहीच दिसणार नाही. साच्यावर कोण उभा राहू शकत होता, कोण नाही, हे माणसांनीच सांगावे लागते.

१९८२ नंतर काय झाले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मान्यताप्राप्त संघटना निवडण्याचा हक्क या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. संप दीड वर्षाहून अधिक चालला आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

इतके दिवस कामगार टिकले कसे, याचे एक उत्तर गावात आहे. हजारो जण गावी परतले, शेतीला लागले, मिळेल ती मजुरी केली. संपाचा खर्च कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांनी उचलला. अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. गावी आलेले काही जण कायमचेच गावकरी झाले. म्हणून गिरणीचा शेवट मुंबईत भोंगा थांबल्यावर झाला असे म्हणणे अर्धेच खरे. इकडे मनीऑर्डर थांबली तेव्हा तो शेवट गावाला कळला.

गिरणगावातल्या कामगारांच्या आठवणी नोंदवण्याचे मोठे काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केले. शंभर वर्षांचा इतिहास कामगार आणि रहिवाशांच्याच तोंडून मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आले. त्यातल्या पिढीचे अनेक जण आज हयात नाहीत. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. नोंदी करायला हातात किती वर्षे आहेत, याचा हिशेब यावरून मांडता येईल.

घरासाठी पुरावा, संग्रहालयासाठी वस्तू

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना म्हाडामार्फत राबवली जाते. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज दीड लाखाहून अधिक आले, घरे त्या मानाने फारच थोडी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोंदीत असलेले कामगार आणि त्यांचे वारस यासाठी पात्र ठरतात.

पात्रता सिद्ध करायची तर कागद लागतात. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सेवा प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, रजा नोंदवही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसी क्रमांक असे पुरावे ग्राह्य धरले जातात. गिरण्या बंद झाल्या, कार्यालये हलली, काही ठिकाणी दप्तरे गहाळ झाली. मग शोध सुरू होतो तो गावच्या घरात, आजोबांच्या पेटीत.

त्या पेटीत सापडणारा लाल पास ही एकाच वेळी दोन गोष्टींची खूण आहे. वारसासाठी तो घराचा पुरावा आहे. इतिहासासाठी तो अशा माणसाची नोंद आहे, ज्याचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. घराचा प्रश्न सुटेपर्यंत कुटुंब तो कागद कोणत्याही संग्रहालयाला देणार नाही आणि देऊही नये. पण वाट पाहता पाहता कागद वाळवीने खाल्ला, तर दोन्ही गेले.

संग्रहालयाने मूळ वस्तू मागण्याऐवजी गावोगावी जाऊन तिथेच कागदांची छायाचित्रे घेणे, मुलाखती ध्वनिमुद्रित करणे आणि मूळ कागद कुटुंबाकडेच ठेवणे हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. तळ्याचे आणि छपराचे काम पूर्ण होईपर्यंत थांबायचीही गरज नाही.

जगात इतरांनी काय केले?

गिरणीचे संग्रहालय करणारी मुंबई पहिली नाही. इतर ठिकाणांकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

▪ क्वारी बँक, इंग्लंड : मँचेस्टरजवळची ही सूतगिरणी १७८४ मधली. १९३९ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली. इथे पाणचक्की आणि माग चालताना दिसतात. त्यासोबत गिरणीत राबणारी मुले जिथे राहत ते घरही जपले आहे. मुंबईत त्याच्या जागी गाववाल्यांची खोली ठेवता येईल.

▪ लॉवेल, अमेरिका : मॅसॅच्युसेट्समधल्या या गिरणी शहराचा मोठा भाग १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. तिथल्या बूट गिरणीत ८८ मागांचे विणाई खाते आहे. माग सुरू असताना प्रेक्षकांना कानात घालायला बोळे देतात. खात्यात माणसे खुणांनी का बोलत, हे पाटी न वाचता कळते.

▪ वुच, पोलंड : गायर यांच्या ‘पांढऱ्या कारखान्यात’ मध्यवर्ती वस्त्रोद्योग संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९६० ची. त्याच आवारात शहरातली जुनी लाकडी घरे, कामगारांच्या घरांसह, आणून उभी केली आहेत.

▪ नागोया, जपान : टोयोटाची सुरुवात मोटारींनी नाही, मागांनी झाली. कंपनीच्या जुन्या कापड कारखान्याच्या जागेवर १९९४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात प्रशिक्षित कर्मचारी माग चालवून दाखवतात.

या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. यंत्र चालवणारा हात कुठे ना कुठे दिसतो. मुंबईत तो हात दाखवायचा असेल तर साचेवाला हवा. साचा दुरुस्त करता येणारे फिटर आणि चालवता येणारे साचेवाले आज गावोगावी आहेत. साचा भंगारातून परत आणता येईल, साचेवाला आणता येणार नाही.

खाडीपलीकडचा कारखाना आणि तोच प्रश्न

बाहेरच्या माणसाला ‘दाभोळ’ म्हटले की गिरणी आठवत नाही, एन्रॉन आठवते. खरे तर तो वीजप्रकल्प दाभोळ गावात नाही. तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. कंपनीचे नाव ‘दाभोळ पॉवर कंपनी’ होते, म्हणून गावाचे नाव जगभर गेले.

१९९२ मध्ये सामंजस्य करार झाला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. विजेच्या दरावरून वाद पेटला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणे थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागातून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन झाली आणि प्रकल्प तिच्याकडे आला. त्याची क्षमता १,९६७ मेगावॉट आहे.

हा प्रकल्प संग्रहालय नाही आणि त्याला तसे करण्याचा विषयही इथे नाही. पण लंडनमधल्या बँकसाइड वीजकेंद्रात २००० मध्ये ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय उघडले. आजचा कारखाना उद्याचा वारसा होऊ शकतो, हे त्यावरून दिसते. या प्रकल्पात जमीन दिलेले, आंदोलनात तुरुंगात गेलेले, बांधकामावर राबलेले आणि नंतर काम गेलेले असे सगळे लोक अजून आसपासच्याच गावांत आहेत. गिरण्यांबाबत नोंदी करायला उशीर झाला. तो उशीर खाडीपलीकडे पुन्हा होऊ नये, एवढा धडा काळाचौकीतून घेता येतो.

घरात गिरणीची पेटी असेल तर काय करावे?

यासाठी फक्त मोबाइल पुरेसा आहे.

१. मूळ कागद कोणालाही देऊ नका. पाहायला मागितले तर छायाचित्र किंवा झेरॉक्स द्या. घराच्या दाव्यासाठी मूळ कागद लागू शकतो.

२. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. उष्णतेने आणि डिंकाने जुना कागद खराब होतो आणि ते नंतर काढता येत नाही.

३. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. कागद सपाट ठेवा. मागची बाजूही घ्या, शिक्के आणि सह्या बऱ्याचदा मागेच असतात.

४. कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करा. कागद भिंतीला किंवा जमिनीला लागून ठेवू नका. कोरड्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून पाहा. वाळवी आणि कसर तेव्हाच लक्षात येते.

५. जुन्या फोटोवर पेनाने लिहू नका. कोण, कुठे, कधी हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.

६. आजोबा-आजींशी बोला आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करा. एका बैठकीत अर्धा तास पुरे. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. विचारायचे काय? कोणती गिरणी, कोणते खाते, तिकीट नंबर किती, कामाला कोणी लावले, खोली कुठे होती, जेवण कुठे, पहिला पगार किती, मुंबईला बोटीने गेलात की एसटीने, संपात घर कसे चालले. आजींना वेगळे विचारा. मनीऑर्डर यायची बंद झाली तेव्हा काय केले, हे त्यांनाच जास्त ठाऊक असते.

७. मुद्रित केलेल्या फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या आणि किमान दोन ठिकाणी ठेवा. मोबाइल हरवला तर आवाजही हरवतो.

पुढे काय?

काळाचौकीचे संग्रहालय पूर्ण झाले की मुंबईकरांना तळ्याकाठी बसायला जागा मिळेल. गिरणी कशी चालत होती, हे मुलांना कळेल. तेवढेही कमी नाही. पण त्या इमारतीत शिरल्यावर दाभोळच्या माणसाला स्वतःच्या घराण्याचा माग लागला पाहिजे. आपला पणजोबा कोणत्या खात्यात होता, कोणत्या खोलीत राहत होता, त्याचा तिकीट नंबर काय होता, हे तिथे सापडले पाहिजे.

ती माहिती महापालिकेच्या कोणत्याही कपाटात आयती मिळणार नाही. ती बंदराच्या काठावरच्या घरांत, माळ्यावरच्या गंजलेल्या पेटीत आणि ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे. येत्या गणपतीला चाकरमानी गावी येतील तेव्हा ती पेटी एकदा खाली उतरवता येईल. ती समोर उघडी ठेवून प्रश्न विचारायला अर्धा तास लागतो, आणि उत्तर देणारा माणूस अजून घरात आहे.